चालू वाचन सर्वांना, शिफारस एकालाच

‘सध्या काय वाचताय?’ हा प्रश्न आणि ‘काहीतरी चांगलं सुचवा ना’ ही विनंती बहुतेकदा एकाच दमात येते. उत्तरही एकाच दमात मिळतं: मुखपृष्ठाचा फोटो आणि खाली ‘अप्रतिम! प्रत्येकानं वाचायलाच हवं.’ यातून वाचणाऱ्याचा मूड कळतो, पुस्तकाबद्दल काही कळत नाही. प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरंही दोन वेगळ्या जातीची आहेत. त्यांची गल्लत झाल्यामुळे पुस्तकांवर एवढं बोललं जाऊनही ज्याचं पुस्तक त्याच्या हाती पडत नाही. माझं म्हणणं असं, की चालू वाचन सर्वांना सांगावं, तेही अर्धवट असतानाच आणि पान क्रमांकासकट. शिफारस मात्र समोरच्या एका माणसाला करावी आणि तिच्यातून ‘प्रत्येकानं’ हा शब्द काढून टाकावा.

शिफारशीत आपण समोरच्याकडे काय मागतो, याचा हिशेब कुणी करत नाही. दिवसाला ३० पानं वाचणारा माणूस नेमाचा वाचक म्हणायला हरकत नाही. दोन मिनिटांना एक पान धरलं, तर हा रोजचा एक तास झाला. म्हणजे ४०० पानांची कादंबरी सुचवणं हे त्याच्या तेरा-चौदा संध्याकाळी मागणं आहे. २०० जणांच्या गटात ‘वाचायलाच हवं’ असं टाकलं, की कागदावर २,६०० हून जास्त तासांची मागणी नोंदवली जाते, आणि मागणाऱ्याचे सात-आठ सेकंद खर्च होतात. वर्षाची बेरीज केली तर ३० पानांच्या हिशेबानं १०,९५० पानं होतात. सरासरी २८० पानांचं पुस्तक धरलं तर वर्षाला ३९. हा नेम चाळीस वर्षं न मोडता चालला, तरी सगळं मिळून दीड हजाराच्या थोडं वर पुस्तकं होतात. घरातली एखादी भिंत भरेल, एवढीच. कुठलंही पुस्तक सुचवताना आपण त्या भिंतीवरची एक जागा मागत असतो.

ग्रंथालयशास्त्रात हे फार पूर्वी सांगून झालं आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्रातला ‘त्याचं’ आणि ‘त्याचा’ हा शब्द अधोरेखित करण्यासारखा आहे. प्रत्येक वाचकाला प्रत्येक पुस्तक, असं रंगनाथन कुठेही म्हणत नाहीत. आणि चौथं सूत्र तर घाऊक शिफारस करणाऱ्यांनी लिहून भिंतीला लावावं असं आहे.

सर्वांसाठी एकच यादी करण्याची हौस जुनी आहे. १८८६ मध्ये लंडनच्या वर्किंग मेन्स कॉलेजात तिथले प्राचार्य जॉन लबक यांनी शंभरेक उत्तम पुस्तकांची यादी मांडली. महाभारत आणि रामायण, संक्षेपानं का होईना, त्यांच्या यादीत आले होते. एका वृत्तपत्रानं ही यादी नामवंतांकडे मतासाठी पाठवली. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी लेखणी घेऊन नावांमागून नावं खोडली, तर ऑस्कर वाइल्ड यांनी उलट सुचवलं की लोकांना काय वाचू नये हे सांगण्याची गरज जास्त आहे. वाइल्ड यांची गंमत सोडली, तरी मुद्दा हा की एका सुविद्य माणसाची शंभर पुस्तकं दुसऱ्या तितक्याच सुविद्य माणसाला चालली नाहीत. तरी दर डिसेंबरात आपण नव्यानं याद्या करतोच.

एकाच पुस्तकावर सगळ्यांच्या उड्या पडल्या, की ते चांगलंच असणार असं वाटतं. या समजुतीला धक्का देणारा एक प्रयोग २००६ मध्ये मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी प्रसिद्ध केला. प्रयोग गाण्यांवरचा होता, पण इथे चपखल बसतो. अनोळखी बँडची ४८ गाणी, ऐकणारे १४ हजारांहून अधिक. काहींना नुसती गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं होतं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडा त्यांना दिसत होता. आकडा दिसायला लागल्यावर लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली आणखी मागे पडली. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की कुठलं गाणं वर जाईल हे प्रत्येक गटात वेगळं निघालं. अगदी उत्तम गाणी सहसा बुडाली नाहीत, अगदी वाईट सहसा तरली नाहीत. मधल्या सगळ्यांचं नशीब पहिल्या काही जणांनी काय उचललं यावर ठरलं. ‘सगळे वाचताहेत’ या वाक्यात पुस्तकाच्या गुणांइतकाच पहिल्या पन्नास जणांचा योगायोगही असतो.

आणि चुकीच्या हातात पडलेल्या पुस्तकाचं नुकसानही होतं. बलाझ कोवाच आणि अमांडा शार्की यांनी २०१४ मध्ये ६४ इंग्रजी पुस्तकांवरचे, गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावरचे हजारो अभिप्राय तपासले. काही पुस्तकांना २००७ ते २०११ या काळात मोठे पुरस्कार मिळाले होते, काही अंतिम यादीपर्यंत येऊन हुकली होती. पुरस्कारानंतर विजेत्या पुस्तकांचे वाचक वाढले, आणि सरासरी गुण हुकलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त घसरले. पुस्तकातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. बदलले होते वाचक: ज्यांची आवड त्या जातीच्या पुस्तकाशी जुळत नव्हती, तेही पुरस्काराचं नाव ऐकून आले आणि निराश झाले. ‘प्रत्येकानं वाचायलाच हवं’ म्हणणारा माणूस आपल्या लाडक्या पुस्तकाचं नेमकं हेच करत असतो.

संकेतस्थळांवर वाचक पुस्तकाला गुण म्हणून जे तारे देतात, त्यांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. पाचपैकी ४.१ आणि ३.९ यांतल्या फरकावर कुणी तेरा संध्याकाळी लावू नयेत. फार आवडलेला माणूस तारे द्यायला येतो, फार चिडलेलाही येतो. ‘ठीक होतं’ म्हणणारा उठून येत नाही. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ असं सांगणाऱ्या यंत्राची अडचण वेगळी आहे. त्याला खरेदी कळते. घेतलेलं पुस्तक उशाशी चार महिने पडून राहिलं, की दोन रात्रींत संपलं, हे बिलावर लिहिलेलं नसतं.

म्हणून चालू वाचनाचं महत्त्व. संपलेल्या पुस्तकाबद्दल माणूस निकाल देतो, चालू पुस्तकाबद्दल तो माहिती देऊ शकतो. शेवटचं पान उलटल्यावर पहिल्या ६० पानांचा कंटाळा आठवत नाही. शेवट चांगला झाला तर सगळं गोड, शेवट फसला तर सगळं कडू. मधल्या पानावर असताना मात्र वाचक खरं बोलतो, कारण पुढे काय होणार हे त्यालाही माहीत नसतं. कामाची नोंद कशी दिसते, ते एका कल्पित कादंबरीवर दाखवतो:

‘पान १४३/४१२. अनुवाद (अनुवादकाचं नाव), २००९ ची आवृत्ती, संपूर्ण. पहिली ६० पानं घराण्याचा इतिहास, दमछाक झाली. मागच्या कोऱ्या पानावर नावांचा तक्ता मांडल्यावर सुटलं. ६१ पासून खटला सुरू होतो आणि वेग येतो. संवाद खणखणीत. निसर्गवर्णनं गाळत चाललोय. एका लहान मुलाचा मृत्यू सविस्तर आहे. झोपायच्या आधी वाचायचं पुस्तक नव्हे, दिवसाला २० पानांवर जात नाही.’

यात ‘अप्रतिम’ नाही आणि ‘भिकार’ही नाही, पण परक्या माणसालाही यावरून ठरवता येतं. ज्याला निसर्गवर्णनंच हवी असतात, त्याला तर ‘गाळत चाललोय’ हे वाक्यच आमंत्रण वाटेल. घरात नुकतंच काही वाईट घडलेला माणूस मृत्यूची ओळ वाचून थांबेल. नावांच्या तक्त्याची युक्ती आणखी दहा जणांचं पुस्तक ३० व्या पानावर बंद होण्यापासून वाचवेल. सगळी मिळून पन्नासेक शब्दांची नोंद, लिहायला चार मिनिटं.

पान क्रमांक एकूण पानांसकट द्यावा, कारण आवृत्ती बदलली की पानं बदलतात. ‘१४३ व्या पानावर आहे’ याचा अर्थ एका छपाईत मध्य, तर दुसरीत सुरुवात. शक्य असेल तर प्रकरणाचं नावही द्यावं. ई-पुस्तकात टक्के दिसतात, आणि ते फसवतात. टिपा, संदर्भ आणि सूची असलेलं ५२० पानांचं वैचारिक पुस्तक मजकूर म्हणून ४१० पानांतच संपलेलं असतं, म्हणजे ७९ टक्क्यांच्या आसपास. ‘अजून बरंच बाकी आहे’ म्हणून कंटाळून सोडणारे कधी कधी शेवटच्या प्रकरणातच असतात. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. एकाच कादंबरीचे दोन अनुवाद ही व्यवहारात दोन पुस्तकं असतात, त्यातला एक संक्षिप्त असेल तर मग बोलायलाच नको. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मुखपृष्ठाच्या फोटोपेक्षा भरवशाचा. २००७ च्या जानेवारीपासून तो १३ आकडी झाला, आणि कापडी बांधणी, साधी बांधणी, ई-पुस्तक अशा प्रत्येक रूपाला वेगळा असतो. मागचा बारकोड टिपला तर काम झालं. मुखपृष्ठं पुनर्मुद्रणात बदलतात, आणि एकाच नावाची दोन पुस्तकं तर सर्रास सापडतात.

चालू वाचन सांगणं म्हणजे मिरवणं, असा आक्षेप नेहमी येतो. मुखपृष्ठाच्या फोटोपुरता तो खरा आहे. जाडजूड ग्रंथ, शेजारी चष्मा, तिरपा प्रकाश: हे मिरवणंच. पण पान क्रमांक लिहिला की मिरवण्यातली हवा जाते. तीन आठवडे ‘४७/६८०’ वर अडकलेला माणूस फार तर सहानुभूती मिळवेल. आणि ‘पुढे वाचायच्या’ पुस्तकांची यादी जाहीर करण्यापेक्षा हे बरंच बरं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की आपल्या ओळखीशी जोडलेला संकल्प दुसऱ्यानं ऐकून घेतला की तो पार पाडण्याचा जोर कमी होतो. सांगितल्यानंच थोडं केल्यासारखं वाटतं. ‘यंदा हे बारा ग्रंथ वाचणार’ हा संकल्प आहे. ‘पान १४३’ ही घडलेली गोष्ट आहे.

वर्षाला ५२ पुस्तकांसारखी उद्दिष्टं याच जातीतली, आणि माझ्या मते त्यांनी वाचनाचं भलं कमी, बुरं जास्त केलं आहे. आकडा गाठायचा ठरला की निवड आकड्याच्या सोयीनं होते. नोव्हेंबर आला की १२० पानांची पुस्तकं शोधली जातात, ८०० पानांचं ‘पुढच्या वर्षी’वर जातं, कवितासंग्रह एका बसणीत उरकला जातो आणि तोही एक धरला जातो. पुन्हा वाचलेलं पुस्तक मोजायचं की नाही, यावर वाद होतात! मोजायचंच असेल तर पानं मोजावीत, किंवा त्याहून चांगलं म्हणजे किती पुस्तकं सोडली ते मोजावं.

सोडलेल्या पुस्तकाची नोंद ही सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्मिळ. सिएटलच्या माजी ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम प्रसिद्ध आहे: ५० वर्षांपर्यंतच्या वाचकानं पुस्तकाला ५० पानं द्यावीत, त्यापुढे १०० मधून वय वजा करावं. म्हणजे ६८ व्या वर्षी ३२ पानं पुरे, आणि शंभरी गाठली की मुखपृष्ठावरून ठरवायची मुभा. नियम छान आहे, पण ९०० पानांच्या अनेक पिढ्यांच्या कादंबरीला ५० पानं म्हणजे दारातच उभं राहणं झालं. तिथे दहावा हिस्सा, ९० पानं, द्यावीत. कथासंग्रहाला हे माप लागू होत नाही. पहिली कथा, एक मधली आणि एक शेवटाकडची वाचून ठरवावं. सोडल्यावर ‘रटाळ’ एवढंच लिहून थांबू नये. ‘पान ७२ वर सोडलं, निवेदक स्वतःच्या प्रत्येक कृतीचं स्पष्टीकरण देतो, मला ते सोसेना’ असं लिहिलं तर ज्याला तसा निवेदक आवडतो, त्याला पुस्तक सापडतं. रंगनाथन यांचं तिसरं सूत्र, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असं उलट्या वाटेनंही काम करतं.

मात्र ‘सर्वांना सांगावं’ म्हणताना एक कुंपण घालावं लागतं. आजारपण, श्रद्धा, लैंगिकता, कर्ज, राजकारण यांवरचं वाचन माणसाबद्दल फार काही सांगून जातं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या आचारसंहितेत वाचकाबद्दल कळलेलं गुप्त ठेवावं हे तत्त्व १९३९ पासून आहे, ते उगीच नाही. वाचन नोंदवणाऱ्या ॲपांत बऱ्याचदा सगळं आपोआप उघडं असतं. खातं उघडल्या दिवशी सेटिंग्जमध्ये जाऊन कोणाला काय दिसतं ते बघावं, आणि खाजगी वाचनासाठी साधी वही ठेवावी. दुसरा काय वाचतोय हे आपण परस्पर सांगू नये, हे वेगळं लिहायला नको, तरी लिहितो.

आता शिफारस. ती नेहमी प्रश्नांनी सुरू व्हायला हवी, आणि इथेच बहुतेक जण घसरतात. कुणी ‘सुचवा’ म्हटलं की आपल्या जिभेवर आपलं आवडतं नाव तयार असतं. ते गिळून तीन गोष्टी विचाराव्यात. अलीकडे संपवलेलं आणि मनात राहिलेलं पुस्तक कुठलं, आणि त्यातलं काय राहिलं? सोडून दिलेलं कुठलं, आणि का? सध्या वाचायला वेळ कधी आणि किती मिळतो? चांगला ग्रंथपाल हे गप्पांच्या ओघात काढून घेतो.

‘काहीतरी चांगलं सुचवा.’

‘अलीकडे कुठलं आवडलं?’

‘ते दुष्काळावरचं. दोन वर्षं झाली असतील.’

‘त्यातलं काय आठवतं?’

‘ती म्हातारी विहिरीशी बोलते ना, ते. बाकी गोष्ट विसरले मी.’

‘आणि अर्धवट सोडलेलं?’

‘ते खुनाचं. सगळे म्हणत होते, खाली ठेववत नाही. मला ती माणसंच कळेनात.’

‘दुष्काळावरचं’ हा शब्द ऐकून दुष्काळावरचं दुसरं पुस्तक काढून देणं ही सर्वांत सोपी आणि हमखास होणारी चूक. या बाईंना विषय लक्षात नाही, गोष्टही लक्षात नाही. म्हातारीचं बोलणं लक्षात आहे. नॅन्सी पर्ल म्हणतात, पुस्तकात शिरायची दारं चार: कथा, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक वाचकाला त्यातलं एखादं मोठं असतं. या बाई पात्रांच्या दारानं आत जातात, बहुधा भाषेच्याही. खुनाच्या पुस्तकात कथेचं दार सताड उघडं आणि पात्रांचं किलकिलं होतं, म्हणून त्या बाहेरच राहिल्या. त्यांना बोलक्या, एकट्या माणसाभोवती फिरणारं काही द्यावं; विषय समुद्र असला काय आणि गिरणी असली काय.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकाचा आकार ठरवतं. प्रवासात वीस-वीस मिनिटं मिळत असतील तर लांब प्रकरणांची कादंबरी तुटत जाते. छोटी प्रकरणं, पत्रं, कथा, स्फुटं चालतात. दृष्टी कमजोर असेल तर जुनी बारीक टायपातली आवृत्ती सुचवूच नये. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार येत असल्यानं दाट ओळींचा त्रास आणखी वाढतो. अशा वेळी ई-पुस्तकात अक्षर मोठं करून वाचणं सोयीचं. ऐकायचं पुस्तक हवं असेल तर तक्ते, नकाशे, तळटीपा आणि खंडीभर पात्रं असलेलं टाळावं. ऐकताना ‘हा कोण?’ म्हणून मागे जाणं पानं उलटण्याइतकं सोपं नसतं.

नावं द्यायची ती दोन, फार तर तीन. दहा दिली की ऐकणारा एकही घेत नाही, मान हलवतो आणि विसरतो. पहिलं, त्याच्या सांगण्याशी जुळणारं आणि बिनधोक. दुसरं, त्याच दारातून नेणारं पण अनोळखी मुलखातलं. तिसरं द्यायचंच तर ‘हे कदाचित नाही आवडणार, पण’ असं स्पष्ट सांगून. प्रत्येकाबरोबर तीन वाक्यं पुरतात: तुम्हाला हे का, अडथळा कुठे आहे, आणि कितव्या पानापर्यंत जमलं नाही तर खुशाल सोडा. ही सोडण्याची मुभा शिफारस करणाऱ्यानंच द्यायची असते. नाहीतर पुस्तक गृहपाठ होतं, आणि भेटल्यावर ‘वाचलं का?’ या प्रश्नाला चुकवायला माणूस रस्ता बदलतो.

कथानक किती सांगावं, याचा बाऊ केला जातो. जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्तेनफेल्ड यांनी २०११ मध्ये १२ लघुकथांवर केलेल्या प्रयोगात शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा थोड्या जास्तच आवडल्या होत्या. पुढे याच्या उलट निष्कर्षही आले. तेव्हा शेवट सांगू नये, पण सुरुवातीची परिस्थिती मोकळेपणानं सांगावी. पुस्तकाचा पहिला पाचवा हिस्सा सांगितल्यानं काही बिघडत नाही. न सांगितल्यानं मात्र ऐकणाऱ्याला ते आपलं आहे की नाही हे कळत नाही. आणि हिंसा, अत्याचार, आत्महत्या, मूल गमावणं हे असेल तर ते शेवटाकडे असलं तरी सांगावं. रहस्य फुटण्याची भीती त्यापुढे क्षुल्लक आहे.

‘माझं सर्वांत आवडतं’ या सदराखाली सांगितली जाणारी पुस्तकं बघितली, तर त्यातली बरीचशी सांगणाऱ्यानं सतरा ते बावीस या वयात वाचलेली असतात. तेव्हा ती अंगात भिनली, हे खरं. पण आज आपण शिफारस करतो ती त्या पुस्तकाची, की त्या वयाची? याला एकच उपाय आहे: दहा वर्षांहून जास्त काळ न उघडलेलं पुस्तक सुचवण्याआधी त्याची कुठलीही ३० पानं पुन्हा वाचावीत. एक तासाचं काम आहे. कधी वाक्यं अजून तशीच धारदार निघतात. कधी बायकांची आणि नोकरांची वर्णनं वाचून आपणच ओशाळतो, आणि कळतं की आपल्या आठवणीनं मधल्या काळात त्या पुस्तकाचं संपादन करून टाकलं होतं. मग ‘तेव्हा आवडलं होतं’ अशा शब्दांत सांगावं, तेही प्रामाणिकच.

ललितेतर पुस्तकांत शिळेपणाचा धोका सरळ आहे. आहार, औषधं, कायदा, कर, गुंतवणूक, संगणक यांवरचं पुस्तक सुचवताना आवृत्तीचं वर्ष बघावं. पुनर्मुद्रणाचं वर्ष नव्हे. २०२२ चं पुनर्मुद्रण आत २००४ ची माहिती घेऊन बसलेलं असतं. इतिहास आणि चरित्रात प्रस्तावनेतली तारीख आणि संदर्भसूचीतलं सर्वांत अलीकडचं वर्ष बघितलं, की मजकूर खरा कधीचा ते दोन मिनिटांत कळतं. आणि लेखक आपला मित्र असेल, प्रकाशकानं प्रत फुकट पाठवली असेल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगावं. तसं सांगितल्यानं शिफारस कमी होत नाही. लपवलेलं नंतर कळलं, तर मागच्या सगळ्याच शिफारशी नासतात.

या सगळ्यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. काही शे प्रतींत छापलेलं, जाहिरात नसलेलं, परीक्षण न झालेलं पुस्तक एकेका माणसाच्या कानात सांगत बसलं, तर वाचक मिळेपर्यंत त्याची रद्दी होईल. अशा पुस्तकासाठी कुणीतरी मोठ्यानं बोलायलाच हवं. मान्य. पण ‘वाचायलाच हवं’ या घोषणेनं तेही साधत नाही, कारण हीच घोषणा प्रसिद्ध पुस्तकांसाठी रोज शंभरदा ऐकू येते आणि तिला कान कधीच सरावलेले आहेत. त्या पुस्तकातला नेमका एक परिच्छेद, पान क्रमांकासह, आणि ‘अशी भाषा ज्याला आवडते त्यानं बघावं’ एवढं लिहिलं तर शंभर जण पुढे जातील आणि चार थांबतील. त्या छोट्या आवृत्तीला असे चार-चार वाचकच हवे असतात. एकाच वेळी २०० नकोत, त्यातले १९० कंटाळून कमी तारे देणारे तर नकोतच.

मग आपल्या शिफारशी लागू पडतात की नाही, हे कळायचं कसं? वाचनाच्या वहीत एक रकाना वाढवायचा. पुस्तक, लेखक, अनुवादक, आवृत्ती, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची किंवा सोडल्याची तारीख आणि पान हे असतंच, त्यापुढे ‘कुणामुळे’. वर्षाअखेरीला हा रकाना खालीवर चाळला की लक्षात येतं, की जिच्या बोलण्याचा आपल्यावर कायम प्रभाव पडतो तिची सहापैकी पाच पुस्तकं आपण सोडली, आणि जो कधीतरी दबकत एखादं नाव घेतो त्याची तिन्ही पुरी वाचली. पुढच्या वर्षी कुणाचं ऐकायचं, याला याहून चांगला पुरावा नाही. वहीच्या मागच्या बाजूला दुसरी यादी: आपण कुणाला काय सुचवलं आणि त्याचं काय झालं. ही यादी बहुतेकांची कोरी राहते, कारण विचारायला संकोच वाटतो.

विचारावं, पण सहा-आठ आठवडे जाऊ द्यावेत, आणि ‘आवडलं का?’ असं विचारू नये. त्याला सभ्य माणूस ‘हो’च म्हणतो. ‘कितव्या पानावर आहात?’ किंवा ‘कुठे सोडलंत?’ असं विचारावं. उत्तर पहिल्या २०-३० पानांतलं असेल तर दार चुकलं होतं, भाषा किंवा सूर जुळला नाही. पुढच्या वेळी वेगळ्या जातीचं द्यावं. शंभराच्या आसपास असेल तर पुस्तक बरोबर होतं पण वेळ चुकली, किंवा पुस्तक मध्ये सैल पडतं आणि ते आपण सांगायला विसरलो. आणि कुणी म्हणालं, ‘शेवटची वीस पानं वाचून इतका संताप आला की भिंतीवर फेकणार होते,’ तर लगेच दुसरं नाव काढावं. हा वाचक तुम्हाला कळलाय.